ढिशुम ढिशुमच्या बाजूने चार शब्द

शनिवारची रात्र. मेस बंद झालेली, सबमिशनला अजून दोन दिवस. आमच्या खोलीत दोन कॉटवर मिळून अकरा जण, एक लॅपटॉप आणि एक स्पीकर. स्पीकरचा आवाज रेक्टर सरांच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून त्यावर टॉवेल टाकलेला. (सर, तुम्ही हे वाचत असाल तर टॉवेल धुतलेला होता.)

पडद्यावर कोणीतरी कोणाच्या तरी गुरूला ठार मारतं. शिष्य डोंगरावर जातो, पाणी भरतो, लाकडं फोडतो, खाली येतो आणि उरलेला पाऊण तास दिसेल त्याला बडवतो. हिंदी डबिंग असं की ओठ आधी थांबतात, वाक्य नंतर. प्रत्येक ठोशाला गोणपाट झोडपल्याचा आवाज. खलनायकाची दाढी दर सीनला वेगळ्या लांबीची. आम्ही पोट धरधरून हसतो.

गेल्या सेमिस्टरला आमच्या एका सरांनी विचारलं, "तुम्ही इंजिनीअर होणार आणि बघता काय, तर हे?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. व्हायवात तरी कुठे सुचतं? म्हणून हा लेख.

तर मित्रहो, मुद्दा पहिला. आम्ही हसतो हे खरं, पण प्रत्येक सिनेमात एक क्षण असा येतो की खोली एकदम गप्प होते. २००३ साली आलेला 'ओंग-बाक' हा थाई सिनेमा घ्या. टोनी जा बँकॉकच्या गल्लीतून पळतो. काटेरी तारेच्या कड्यातून पलीकडे उडी मारतो, गाडीच्या खालून पाय फाकवून सरपटत जातो. दोऱ्या नाहीत, कॉम्प्युटरची करामत नाही. आणि दिग्दर्शकाला स्वतःलाच इतका आनंद झालाय की तीच उडी तो दुसऱ्या बाजूने पुन्हा दाखवतो! बघा, खरंच मारली, असं म्हणत.

मोठ्या बजेटच्या मारामारीत काय होतं? ठोसा सुटताना एक शॉट, लागताना दुसरा, माणूस पडताना तिसरा. मधल्या गडबडीत ठोसा लागला की नाही हे तुम्हाला कळतच नाही. म्हणजे रीडिंग न घेता जर्नलमध्ये ग्राफ काढण्यासारखं. स्वस्त सिनेमावाल्याकडे हे सगळं झाकायला पैसा नसतो. मग तो कॅमेरा लांब ठेवतो, नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि ज्याला जमतं त्याला जमतं. चलाखी त्यांच्यातही असते, नाही असं नाही. वायरी असतात, कॅमेऱ्याचा वेग कमीजास्त केलेला असतो. पण घाम खोटा नसतो. २०११ चा इंडोनेशियन 'द रेड' जेमतेम अकरा लाख डॉलरमध्ये झाला. हॉलिवूडच्या हिशोबाने हा चहापाण्याचा खर्च. त्यातली सिलाट या तिथल्या युद्धकलेची मारामारी बघताना आपल्याच बरगड्या दुखतात.

मुद्दा दुसरा. हे सिनेमे आपलेच आहेत, म्हणजे केटीवाल्यांचे. १९७८ चा 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सनी तेच सेट पुन्हा पुन्हा वापरून सिनेमांचा कारखाना चालवला होता, त्यातलाच हा एक. नायक सान ते शाओलिन मठात येतो आणि थेट सगळ्यात वरच्या वर्गाला बसायचं म्हणतो. तिथून फेकला जातो. मग पहिला धडा कुठला? पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारत मेसमध्ये पोचायचं. पडलास तर ओल्या कपड्यांनी जेवायला प्रवेश नाही! पुढचा जवळजवळ सगळा मधला भाग नुसतं शिकणं आहे. हातांना सुऱ्या बांधून बादल्या वाहायच्या, हात खाली आला की सुरी टोचते. गाणं नाही, प्रेमप्रकरण नाही. न जमणारी गोष्ट रोज थोडी जमत जाते, एवढीच कथा. एम-थ्री तिसऱ्यांदा देणाऱ्या माझ्यासारख्याला यापेक्षा जवळची कथा कोणती?

मुद्दा तिसरा आपल्या चेंबूरचा. चेंबूर म्हटलं की सगळ्यांना आर.के. आठवतो. १९४८ चा स्टुडिओ, २०१७ ची आग, मग झालेली विक्री, हे पाठ असतं. पण रिक्षावाल्याला 'बसंत पार्क' किंवा 'बसंत टॉकीज' सांगताना इथे बसंत नावाचाही एक स्टुडिओ होता, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. होमी वाडियांनी तो १९४७ मध्ये काढला. हे तेच वाडिया, ज्यांनी भाऊ जे.बी.एच. वाडियांबरोबर १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढला. पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स ही सर्कसमध्ये काम केलेली बाई नादिया झाली आणि हातात चाबूक घेऊन गुंडांना लोळवू लागली. सिनेमा कोणी वितरक घेईना. वाडियांनी स्वतः लावला आणि तो तुफान चालला. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. तीही स्वतः, डुप्लिकेट न घेता.

१९४२ मध्ये वाडिया मूव्हीटोन संपली. परळची तिची जागा व्ही. शांतारामांकडे गेली आणि तिथे राजकमल उभं राहिलं. राजकमलबद्दल आपल्याकडे आदराने बोलतात आणि बोलावंच. होमी वाडियांनी मात्र स्टंटचा आणि जादूच्या दिव्यांचा संसार बसंत पिक्चर्स म्हणून पुढे नेला आणि तो चेंबूरला आला. काळ्या दोऱ्यावर वस्तू हवेत नाचवणाऱ्या बाबूभाई मिस्त्रींची ट्रिक फोटोग्राफी याच परंपरेतली. म्हणजे कमी पैशात लोकांना खुर्चीवरून उठवणं हा आपल्या पिनकोडचा जुना धंदा आहे. आम्ही फक्त परंपरा चालवतोय.

इथपर्यंतचा लेख मी महिन्यापूर्वीच लिहून ठेवला होता. शेवट असा होता की गरिबी हीच या सिनेमांची ताकद, पैसा नाही म्हणूनच ते खरे. वाक्य मला फार आवडलं होतं.

मग एका शनिवारी आमचे मेसचे काका खोलीत आले. आम्ही वर आणलेली ताटं परत न्यायला. पडद्यावर एक जण माडीवरून बांबूच्या मांडवावर कोसळला, मांडवासकट खाली आला, आणि आम्ही फिदीफिदी हसलो. काका दारातच थांबले. "हसताय काय रे? पाठीवर पडलाय तो. मान कशी वाचवली बघा."

तेव्हा कळलं की काका तरुणपणी काही वर्षं सिनेमात 'फायटर' होते. हीरोचे डुप्लिकेट म्हणून पडायचे. खाली पुठ्ठ्याचे खोके रचायचे, वर गादी टाकायची आणि उडी. एकदा पडले आणि खांदा गेला. काका आमटी डाव्या हाताने वाढतात. तीन वर्षं आम्ही त्यांना डावखुरे समजत होतो.

मी उत्साहाने माझा सिद्धांत ऐकवला. "काका, पैसे नसतात म्हणूनच तर ते खरं वाटतं!"

काका म्हणाले, "पैसे नव्हते म्हणून खोके कमी होते. त्यात खरं-खोटं काय?"

शेवट खोडावा लागला.

आता माझं मत असं. मी दोन गोष्टींची गल्लत करत होतो. झाकायला पैसा नसणं वेगळं आणि खाली गादी टाकायला पैसा नसणं वेगळं. पहिल्यामुळे कसब दिसतं. दुसऱ्यामुळे फक्त माणूस मोडतो, आणि तो पडद्यावर दिसतही नाही. टोनी जा बघताना आपण गप्प होतो ते तो मरेल म्हणून नाही. वर्षानुवर्षं घासून तो न मोडता पडायला शिकलाय, म्हणून. शाओलिनच्या सगळ्या चेंबरमध्ये तरी दुसरं काय शिकवतात?

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत एका सिनेमाच्या सेटवर गाडीचा स्टंट करताना एक स्टंटमन गेला. ऑस्करवाल्यांनी पहिला सोहळा १९२९ मध्ये केला. स्टंटसाठी वेगळं बक्षीस द्यायचं त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, तेही २०२८ च्या सोहळ्यापासून. जवळजवळ शंभर वर्षं लोक पडत होते आणि बक्षिसं संवाद म्हणणाऱ्यांना मिळत होती!

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही हे बघतो कारण यात काम दिसतं. कोणी, किती वेळा, कसं केलं ते दिसतं. उद्या आमच्यापैकी कोणी साइटवर उभा राहील, कोणी शॉप फ्लोअरवर. तिथेही कोणीतरी उंचावर चढलेला असेल आणि 'बजेट नाही' असं सांगणारा कोणीतरी असेल. तेव्हा खोके मोजायची आठवण राहिली तर आमचे शनिवार फुकट गेले नाहीत असं समजेन.

दाढीवर आणि डबिंगवर आम्ही अजूनही हसतो. पडणाऱ्यावर नाही. काका हल्ली ताटं न्यायला मुद्दाम उशिरा येतात आणि शेवटपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी खुर्ची राखीव आहे. बाकीच्यांनी उशी आपापली आणावी.