कापूसतळणीचे स्थानक आणि ‘शकुंतले’ची अर्धीच सांगितलेली गोष्ट

१/८
कापूसतळणी हे अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील गाव. ज्या पिकासाठी येथे रूळ आले, ते पीक गावाच्या नावातच आहे. आज येथील स्थानकात गाडी येत नाही.

२/८
‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाचे केंद्र मूर्तिजापूर. एक फाटा अचलपूरकडे, दुसरा यवतमाळकडे. दोन्ही मिळून सुमारे १९० किमी. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिमी. मूर्तिजापुरात माल मोठ्या गाडीत चढवायचा, तेथून मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टर.

३/८
वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि या काळ्या मातीचे मोल वाढले. गावोगावच्या कापसापर्यंत रूळ नेण्याच्या हव्यासाची बीजे तेथे आहेत.

४/८
या मार्गावरचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले होते. ते १९९४ पर्यंत धावले. कापूस ज्या शहराकडे गेला, तेथूनच इंजिन आले: वसाहतीच्या अर्थकारणाचे याहून नेमके चित्र शोधूनही सापडणार नाही.

५/८
१९५१ मध्ये जीआयपी ‘मध्य रेल्वे’त विलीन झाली, हा मार्ग मात्र किलिक निक्सनच्या कंपनीकडेच राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, करारानुसार.

६/८
‘ही रेल्वे अजून इंग्रजांची!’ असे संदेश फिरत राहतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. किलिक निक्सन ही मुंबईतील पेढी. मालकाच्या वंशापेक्षा महत्त्वाचे हे की मालक एक आणि चालक दुसरा होता. रुळांवर पैसा ओतण्याची निकड दोघांनाही नव्हती. मार्ग झिजला तो या व्यवस्थेने.

७/८
त्या झिजेची किंमत कोणी मोजली? कापूस ट्रकमध्ये गेला तरी ही गाडी स्वस्त तिकिटाची सोय म्हणून उरली होती. स्थानकांवर कर्मचारी नसत. गार्डच तिकिटे देई. गेल्या दशकात ही सोयही थांबली. कंपनीचे नाव सर्वांना पाठ आहे. त्या प्रवाशांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

८/८
ब्रॉडगेजची मागणी रास्तच आहे. पण नवे रूळ टाकताना जुन्या स्थानकांपैकी काही वास्तू तरी जपाव्यात, मालाच्या नोंदी शोधाव्यात. कापूस कोणी पिकवला आणि नफा कुठे गेला, हे पुढच्या पिढीला कापूसतळणीतच उभे राहून वाचता आले पाहिजे.