जुन्या गिअरचा सुटा भाग आणि आपला मिस्त्री

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, जिल्ह्यातील कोणत्याही गावी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गिअरची सायकल दुरुस्तीला नेली, तर बहुधा एकच उत्तर ऐकू येते : "याचा माल आता येत नाही. गिअर काढून टाका, साधी चेन बसवून देतो." गिऱ्हाईक मान डोलावते, मिस्त्रीला तासाभराची मजुरी मिळते आणि व्यवहार मिटतो. आमच्या मते या व्यवहारात दोघांचेही नुकसान आहे. गिऱ्हाइकाचे थोडे आणि मिस्त्रीचे जास्त.

सायकल दुरुस्ती, लेथ, वेल्डिंग आणि भंगार हे धंदे आपल्या कितीतरी कुटुंबांचे पोट भरत आले आहेत. उस्तादाच्या हाताखाली शागीर्दाने शिकायचे, हीच या धंद्याची शाळा. आज ज्या कामाला आपण नाही म्हणतो, ते काम उद्याचा शागीर्द शिकतच नाही. म्हणून हा प्रश्न एका सुट्या भागाचा नाही, हुन्नर टिकण्याचा आहे.

डिरेलर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. स्प्रिंगा, चार सांध्यांची चौकट, दोन लहान पुल्या, दोन पट्ट्या आणि हद्द ठरवणारे दोन स्क्रू, एवढाच हा पसारा. वायर ओढली की चौकट सरकते आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते. जपानच्या माएदा कंपनीने सनटूर या नावाखाली १९६४ मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर आणला. तिचे पेटंट संपल्यावर १९८०च्या दशकात इतरांनीही तीच रचना उचलली. शिमानोने १९८२ मध्ये डोंगरी सायकलसाठी डिओर एक्सटी हा संच काढला, तर १९८४ मध्ये रेसच्या सायकलीच्या वरच्या दर्जाच्या संचात क्लिकने बदलणारा गिअर दिला. पुढे तो स्वस्त सायकलींपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या यंत्राचा गाभा फारसा बदललेला नाही. जुन्या सायकलीला आजचा भाग चालू शकतो, तो याचमुळे.

"माल येत नाही" म्हणण्याआधी नेमके काय बिघडले ते पाहावे. बहुतेक वेळा डिरेलर मेलेला नसतो. पुलीचे दात झिजलेले असतात, वायर गंजलेली असते किंवा सायकल पडल्यामुळे डिरेलर ज्या कानावर बसतो तो कान वाकलेला असतो. पुलीला दहा दात आहेत की अकरा, तिची जाडी किती, मधल्या बोल्टचे माप काय, एवढे टिपले तर दुसऱ्या कंपनीची पुलीही चालते. मात्र शिमानोच्या क्लिकवाल्या डिरेलरमध्ये वरच्या पुलीला डावी-उजवीकडे थोडा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. ती झिजली असे समजून पुष्कळजण उगाच बदलतात.

वायरचेही तसेच. गिअरची आतली वायर १.२ मिलिमीटरची असते, ब्रेकची त्याहून जाड. क्लिकच्या गिअरला ब्रेकचे बाहेरचे कवच लावले तर ते दाबले जाते आणि क्लिक जागेवर बसत नाही. मग दोष डिरेलरला दिला जातो. उलट चूक तर धोक्याची आहे. गिअरचे कवच ब्रेकला कधीही लावू नये. जोराच्या ब्रेकला ते फाटू शकते आणि प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो.

चेनची परीक्षा करायला साधी पट्टी पुरते. नव्या चेनचे चोवीस जोड बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच वाढले की चेन बदलावी. एक अष्टमांश वाढले तर मागची चक्रेही गेली असे समजावे. साध्या सायकलीची रुंद चेन गिअरच्या चक्रांवर चढवण्याचा मोह टाळावा.

डिरेलरच बदलायची वेळ आली तरी वाट बंद होत नाही. किती क्लिक द्यायच्या हे हातातली लिव्हर ठरवते, डिरेलर नव्हे. त्यामुळे शिमानोच्या सहा, सात आणि आठ चक्रांच्या डोंगरी सायकलींचे मागचे डिरेलर बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी चालतात, आणि त्यांचा टूर्नी हा स्वस्त प्रकार आजही नवा मिळतो. सांगाड्याला कान नसेल, तर एक्सलवर अडकवायच्या पट्टीसह तो घ्यावा. जुन्या सनटूरची क्लिक आणि शिमानोची क्लिक मात्र एका मापाची नाही. तिथे लिव्हर आणि डिरेलर जोडीनेच बदलावे. नाहीतर क्लिक नसलेली घर्षणाची जुनी लिव्हर बसवावी. ती कोणत्याही कंपनीच्या डिरेलरशी जमवून घेते.

उलट गिअर काढून टाकण्याचा सोपा उपाय वाटतो तेवढा सोपा नाही. ज्या सांगाड्याची मागची खाच उभी असते, त्यात चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. चेन सैल राहते, वाटेत उतरते आणि गिऱ्हाईक मिस्त्रीच्या नावाने बोटे मोडते.

आता व्यापाराची बाजू. अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाना थांबला की त्याच्या जुन्या मालाचे गोदाम म्हणजे गावोगावच्या दुकानांतले पत्र्याचे डबे. ज्या दुकानदाराच्या माळ्यावर जुन्या लिव्हर, फ्रीव्हील, पुल्या पडून असतील, त्याने त्या किलोच्या भावाने भंगारात घालू नयेत. मोठ्या शहरांत १९८०-९०च्या सायकली हौसेने मूळ रूपात आणणारे लोक आहेत आणि त्यांना हाच माल हवा असतो. भंगारवाल्या बांधवांनीही गिअरची सायकल तोडण्यापूर्वी डिरेलर, लिव्हर आणि चक्रे वेगळी काढावीत. लोखंड लोखंडाच्या भावाने जाईल, सुटा भाग भागाच्या किमतीने.

मात्र एक अट. वापरलेला माल वापरलेला म्हणूनच विकावा. जुना डिरेलर डिझेलने धुऊन, चमकवून 'नवा इंपोर्टेड' म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. मालातला दोष झाकून केलेल्या विक्रीत बरकत नाही, हे आपल्या व्यापाऱ्याला कोणी नव्याने सांगायला नको. दोष सांगून विकलेला माल कमी पैसे देतो, पण गिऱ्हाईक कायमचे देतो.

कोणी म्हणेल, जिल्ह्यात अशा सायकली आहेत किती? यावर दुकान चालेल काय? नुसत्या यावर चालणार नाही, हे आम्हीही मानतो. हलक्या प्रतीच्या डिरेलरची चौकटच ढिली झाली असेल, तर त्यावर लेथचा खर्च करणे शहाणपणाचे नाही, नवा बसवावा. पण जो मिस्त्री जुना गिअर नीट लावतो, त्याच्याकडेच आजची नवी गिअरची सायकलही येते. हात एकच, विद्या एकच.

सरकारकडेही मागणी करायला हवी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय धरले गेले. लोहार, कुलूप बनवणारा, शिंपी, न्हावी त्यात आहेत. सायकल मिस्त्री नाही. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजाचे कर्ज त्यालाही उपयोगाचे ठरले असते. केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहन उद्योग अशी चार क्षेत्रे निवडली गेली. गरिबाच्या दोन चाकांची आठवण तिथेही झाली नाही. सहाही तालुक्यांतील मिस्त्रींनी एकत्र येऊन लोकप्रतिनिधींकडे लेखी निवेदन द्यावे, असे आम्ही सुचवतो.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. प्रत्येक तालुक्याच्या एका दुकानाने आपल्याकडील जुन्या भागांची यादी मापांसह वहीत लिहावी आणि ती इतर पाच तालुक्यांना कळवावी. रिसोडला अडलेली पुली कारंजाच्या डब्यात असू शकते. अकोल्याला किंवा लुधियान्याला माल मागवायचा झाला, तर सहा जणांनी मिळून एकच पार्सल मागवावे. भाडे वाटले जाईल. आणि पुढचे गिऱ्हाईक जुनी गिअरची सायकल घेऊन आले, तर "येत नाही" म्हणण्यापूर्वी मिस्त्रीने पट्टी हातात घेऊन माप तरी घ्यावे.