तलाव शिकवायचा तर

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस पालकसभा होती. सभा आटोपल्यावर आठवीतील एका मुलाचे वडील माझ्यापाशी थांबले. अंगात धुतलेला, इस्त्री केलेला सदरा होता. पायांच्या भेगांत मात्र रोवणीचा चिखल वाळून बसला होता. थोडा वेळ चुळबुळ करून ते म्हणाले, “गुरुजी, चिखलच तुडवाचा होता त पोराले घरीच नसतं का ठेवलं जी?”

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही आठवीच्या ४२ मुलामुलींना एका गावतलावावर नेले होते. तलावातून नाहीशा झालेल्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम तेथे चालते. मुलांनी गुडघाभर पाण्यात उतरून रोपे लावली आणि ते मोठ्या कौतुकाने घरी कळवले. वडिलांच्या मनात त्या कौतुकाचा निराळाच अर्थ उमटला. मी त्यांना जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. त्यांना ते पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. संस्थेच्या या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा ते अपुरे राहिलेले उत्तर पूर्ण करावे असे वाटले.

प्रथम त्या वडिलांची बाजू. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले शेतमजुरांच्या, अल्पभूधारकांच्या आणि मासेमारांच्या घरची आहेत. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या बांधीत वाकून रोवणी करण्यात गेल्या, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मूल निवासी शाळेत धाडायचे आणि तेथेही त्याच्या हाती रोपाचीच जुडी द्यायची, हे त्यांना विपरीत वाटणे स्वाभाविक आहे. शहरातील श्रीमंत शाळेच्या मुलाला चिखलात उतरवणे हा एक अनुभव असतो. आपल्या मुलासाठी तो अनुभव नाही, वारसा आहे, आणि त्यातून सुटण्यासाठीच तो येथे आला आहे. पर्यावरण-शिक्षणाची गोडवी गाणाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, ही गोष्ट कधी विचारात घेतली नाही.

तरीही आम्ही मुलांना तेथे का नेले, हे सांगण्यासाठी तलावाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन देण्याची रीत होती आणि कोहळी समाजातील जाणत्यांनी या कामात मोठे कौशल्य मिळवले होते. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. (पाळीवर टोपलीने माती वाहणाऱ्यांची नावे अर्थातच कोणी सांगत नाही.) उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्याला वाट देणारा सांडवा, पाटात पाणी सोडणारे तुडुम, आणि वरच्या बोडीतून ओसंडलेले पाणी खालच्या तलावात घेण्याची सोय, एवढ्या साधनांवर या भागातील धान पिकत आले.

हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. ते योग्यच झाले. त्या व्यवस्थेतील वेठबिगारीचे कोणी गोडवे गाऊ नयेत. परंतु तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची निगा मात्र कोणाचीच उरली नाही. गाळ साचला. काठावर बेशरम माजली. ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. तिला जनावरे तोंड लावत नाहीत आणि तोडून टाकलेला तुकडाही ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतो. त्यातच उत्पन्नवाढीसाठी तलावांत रोहू, कटला, मृगळ हे मासे सोडण्याची पद्धत रूढ झाली. हे मासे वाहत्या नदीत प्रजनन करणारे. तलावाच्या संथ पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. गवत्या मासा सोडला तर तो पाणवनस्पतीच फस्त करतो. तलावातच वाढणारे मरळ, शिंगी, मागूर हे मासे पाणवनस्पतींच्या आश्रयाने राहतात. तो आश्रय गेला की मासे विरळ होतात, आणि त्यांच्या मागोमाग ढिवराच्या घरची चूलही मंदावते.

अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातील स्त्री-पुरुष यांनी ही साखळी उलट दिशेने फिरवण्याचे काम उभे केले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि पावसाच्या आरंभी दुसऱ्या तलावांतून आणलेली हायड्रिला, वॅलिसनेरिया यांसारखी बुडीत वाढणारी आणि कुमुदिनीसारखी तरंगती रोपे लावायची, अशी ती पद्धत. आम्ही गेलो त्या तलावावर याच पद्धतीचे अनुकरण चालू आहे.

आता त्या दिवसाविषयी. आमची शिकवणारी होती गावातील एक ढिवर बाई. मुले तिला मावशी म्हणू लागली. पाण्यात उतरण्याआधी तिने दोन ओल्या वनस्पती वर धरून विचारले, “हे कोनतं?” बेचाळीस मुले गप्प. विज्ञानाचा शिक्षक या नात्याने मला एकीचे शास्त्रीय नाव येत होते, गावचे नव्हते. तेवढ्यात मागून एक मुलगी अगदी खालच्या आवाजात दोन्ही नावे बोलली. मावशीने तिसरी वर धरली. तिचेही नाव आले. कोणती कशा तळात लागते आणि कोणतीत मासा अंडी घालतो, हेही आले. माझ्या वर्गात या मुलीने दोन वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता. प्रकाशसंश्लेषणावरील प्रश्नात तिला शून्य गुण दिल्याचे मला आठवत होते.

परतताना बसमध्ये तिच्या मैत्रिणीकडून कळले की घरी मासेमारी आहे हे तिने वसतिगृहात कोणाला सांगितलेच नव्हते. “वडील धंदा करतात” एवढेच ती म्हणत असे. ज्या संस्थेच्या भिंतीवर समतेची वचने लिहिली आहेत, त्याच संस्थेच्या छपराखाली एका मुलीला आपले ज्ञान लपवून ठेवावे लागले. कारण त्या ज्ञानातून तिचे घर आणि तिची जात ओळखू आली असती. याची नोंद या स्मरणिकेत व्हावी असे मला वाटते. वर्धापनदिनाच्या गौरवलेखांत ती शोभणार नाही, हे मी जाणतो.

म्हणून त्या वडिलांना माझे पहिले उत्तर असे. त्यांच्या शेतात आणि तलावात जे ज्ञान आहे त्याला शाळा ज्ञान म्हणत नाही, म्हणूनच तो चिखल त्यांच्या वाट्याला हीन होऊन आला. मुलाला त्या चिखलापासून दूर नेऊन ही हीनता जात नाही. तो केवळ तिच्याकडे पाठ फिरवायला शिकतो. मुलाने पाण्यात उतरावे ते वही घेऊन. लावलेल्या चौकोनात किती रोपे जगली हे मोजावे, पाण्याची खोली आणि गढूळपणा लिहून ठेवावा, आणि मासेमारी संस्थेचा बीजखरेदीचा हिशेब मांडून पाहावा. कमळपक्ष्याच्या घरट्यावर नर का बसतो, मादी कुठे असते, हा प्रश्न आमच्याच मुलांनी विचारला होता. त्या पक्ष्यांत अंडी उबवण्याचे काम नराकडे असते हे कळल्यावर मुलींमध्ये जो हशा पिकला, तो मी अजून विसरलेलो नाही.

यातच एक मर्यादा सांगितली पाहिजे. मूल म्हणजे बिनपैशाचा मजूर नव्हे. ज्या दिवशी वही उघडली जात नाही आणि फक्त रोपे लावून होतात, त्या दिवशी वडिलांचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. मजुरी वाचवण्यासाठी कोणी शाळेकडे मुले मागितली, मग हेतू कितीही पर्यावरणाचा असो, तर नकार द्यावा. पाण्यात दोन तासांहून अधिक वेळ नको, गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि गावातील पोहणारे दोघे काठावर हवेतच.

आपल्याकडे पर्यावरण-शिक्षणाची सक्ती नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच तसा आदेश दिला होता. त्याचे शाळाशाळांतून काय झाले ते आपण सारे जाणतो: बाजारातून आणलेली चित्रे चिकटवलेली प्रकल्पवही, २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाची फेरी, आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात लावले जाणारे रोप. नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत गेले, ही राज्यातील पहिली अशी जागा, हे आमची मुले अचूक सांगतात. स्वतःच्या गावची बोडी पाणथळ आहे काय, असे विचारले तर गोंधळतात. त्यांचा गोंधळ निराधार नाही. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. ज्या तलावावर सारस उतरतो, कमळ फुलते आणि पन्नास घरे जगतात, त्याला या नियमांचे छत्र नाही. आठवीच्या मुलाने ती व्याख्या वाचावी, तलावाच्या पाळीवर उभे राहून वाचावी, आणि ती कोणी व कोणाला विचारून लिहिली असेल यावर वाद घालावा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास मला सुचत नाही.

इतिहासाच्या तासाचेही तसेच. २० मार्च हा दिवस आपल्या शाळेत दरवर्षी पाळला जातो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरी १९२७ साली बाबासाहेबांना आणि हजारो अनुयायांना चालत जाऊन त्या पाण्याला ओंजळ लावावी लागली. मुले हे भाषणात घडाघडा बोलतात. परंतु आपल्या गावच्या तलावावर कोण कोणत्या बाजूने उतरत असे, धुणे कुठे, जनावरे कुठे, पिण्याचे पाणी कोणी कुठून भरायचे, हा नकाशा त्यांनी आजीला विचारून कधी काढलेला नाही. मी तो काढायला सांगितला. सतरा मुलांनी दिवाळीच्या सुटीत काढून आणला, आणि त्यांतील काही नकाशे पाहून मला बराच वेळ बोलता आले नाही. पाणथळीचा अभ्यास वनस्पती आणि पक्षी यांच्यावर संपत नाही. ज्या पाण्यात आपली मुलगी आज रोप घेऊन उतरते, त्याच पाण्याच्या काठावर तिच्या पणजीला घागर घेऊन ताटकळावे लागले असेल.

आता व्यवहाराचे. एकदा जाऊन काही साधत नाही. जुलैमध्ये लावलेले रोप रुजले की नाही हे नोव्हेंबरात कळते; थंडीतले पक्षीही तेव्हाच येतात. तळ, गाळ आणि तुडुमाची रचना मात्र एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावरच दिसते. तेव्हा एकाच तलावावर, त्याच चौकोनापाशी, वर्षातून तीन वेळा जायला हवे, आणि त्याच मुलांनी आठवी ते दहावी सलग जायला हवे. दहावीचे वर्ष वाया जाईल, अशी शंका सहकारी शिक्षक घेतात. वर्षातून तीन दिवसांनी जे वाया जाते ते वर्ष मुळातच फारसे भक्कम नसावे.

गेल्या वर्षीच्या हिशेबात या भेटीचा बसखर्च ‘सहल व करमणूक’ या शीर्षाखाली पडला आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या पाहुण्या व्याख्यात्याला आपण मानधनाचे पाकीट देतो. दिवसभर शिकवणाऱ्या मावशीला शाल आणि पुष्पगुच्छ देऊन आम्ही परतलो. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता, हे माझ्या ध्यानात आठ दिवसांनी आले. येत्या अंदाजपत्रकात हा खर्च ‘अध्यापन’ या शीर्षाखाली यावा आणि त्यात तलावावर शिकवणाऱ्यांच्या मानधनाची स्वतंत्र ओळ असावी, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. त्या वडिलांनाही निरोप धाडला आहे. एप्रिलमधील फेरीला ते यायला तयार आहेत. त्या दिवसांत त्यांच्या हाताला फारसे काम नसते. जुने लाकडी तुडुम कसे बसवतात हे त्यांना ठाऊक आहे, असे मुलगा सांगतो. त्यांचेही नाव मी त्या ओळीत घातले आहे.