गप्प राहणाऱ्या चुका : इतिहासाचा प्रबंध आणि लाटेक

१/ आजचा धागा किल्ल्यांचा किंवा मोहिमांचा नाही. इतिहासाच्या प्रबंधातील तक्ते, समीकरणे आणि संदर्भ लाटेकमध्ये बिघडतात तेव्हा काय करावे, याविषयी आहे. उदाहरणे मात्र आपल्या बुलढाणा जिल्ह्याचीच घेते. माझे मत आधीच मांडते : लाटेक ज्या चुकांवर अडून बसते त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्या चुकांविषयी ते अवाक्षर काढत नाही, त्या शोधण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

२/ प्रथम थोडा इतिहास. डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधान वाटले आणि त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचली : टेक. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेक उभारले. युनिकोड देवनागरी थेट टंकता येणारे झीटेक जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणले. येथे लेखक साध्या मजकुरात आज्ञा लिहितो आणि पान यंत्र जुळवते.

३/ ‘इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपे आहे. महसुलाचा तक्ता, कालगणनेचे रूपांतर आणि तळटीप ही आपल्या पुराव्याची अंगे आहेत, सजावट नव्हे. दप्तरातील कारकून तेरीज मांडून ताळा पाहत असत. छापील पानाचा ताळा पाहणे हे त्याच परंपरेतले काम आहे.

४/ तक्त्यापासून आरंभ करू. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली. खामगाव आणि जळगाव (आजचे जळगाव जामोद) हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. आता १९०१च्या अहवालातून जुन्या सीमांची लोकसंख्या घेतली, १९११च्या अहवालातून नव्या सीमांची घेतली आणि दोन्ही शेजारी मांडल्या, तर जिल्हा दहा वर्षांत एकाएकी फुगल्यासारखा दिसेल. म्हणून या तक्त्याला तळटीप अनिवार्य आहे.

५/ आणि नेमकी तीच तळटीप लाटेक गिळते! तरंगत्या तक्त्याच्या आत नेहमीची ‘फूटनोट’ आज्ञा दिली, की आकड्यावर खूण उमटते, पण पानाच्या तळाशी टीप येत नाही. यंत्र तक्रारही करत नाही. उपाय : ‘थ्रीपार्टटेबल’ वापरून टीप तक्त्याखालीच लावावी. तक्ता अनेक पानांचा असेल तर ‘लाँगटेबल’ घ्यावे. त्यात तळटीप टिकते.

६/ तक्त्यातील इतर बिघाड त्या मानाने प्रामाणिक आहेत. रकान्यांपेक्षा ‘&’ अधिक झाले की काम थांबते आणि ओळीचा क्रमांक मिळतो. तक्ता कडेबाहेर गेला की नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये, ‘ओव्हरफुल’ असा इशारा येतो. तेव्हा अक्षर बारीक करण्याऐवजी ‘टॅब्युलरएक्स’ने रकान्यांत मजकूर दुमडावा. ‘%’ चिन्हाशी मात्र सावध असावे. ते थेट टंकले तर त्यापुढचा त्या ओळीतील सारा मजकूर टीप समजून वगळला जातो. चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी.

७/ आता समीकरणे. सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला; खान रणात पडला आणि दख्खनमधील आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. हीच तारीख इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाने ३० सप्टेंबर होते, कारण दोन गणनांत तेव्हा ११ दिवसांचे अंतर होते. शक १६४६. शुहूर सन ११२५, म्हणजेच खमस अशरीन मया व अलफ.

८/ हे रूपांतर एका ओळीच्या सूत्रात बसत नाही. इसवी सनातून शक काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ वजा होतात, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. शुहूर सन मृगापासून चालू होतो : मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून सूत्र दोन शाखांत मांडावे. त्यासाठी ‘केसेस’ ही रचना आहे. आणि तिथी-तारखेसाठी मोडक व खरे यांच्या जंत्र्यांशी ताळा पाहावाच.

९/ येथे दुसरी गप्प चूक दडलेली आहे. गणिती भागात ‘शक = १७२४ − ७८’ असे देवनागरीत टंकले, तर पानावर केवळ ‘=’ आणि ‘−’ उरू शकतात. गणिती टंकात देवनागरी अक्षरे नसतात, म्हणून ती वगळली जातात. उपाय : अक्षरे आणि आकडे ‘टेक्स्ट’ या आज्ञेत गुंडाळावेत. २०२१ नंतरच्या टेक लाइव्हमध्ये ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’चे मूल्य ३ ठेवले, की हरवलेले प्रत्येक अक्षर त्रुटी म्हणून समोर येते.

१०/ संदर्भांच्या जागी ‘??’ दिसले की विद्यार्थी घाबरतात. वस्तुतः यंत्र तेथे सचोटीने सांगत असते, की हे मला सापडले नाही. पहिल्या फेरीत खुणांची नावे सहायक फाइलमध्ये नोंदली जातात, दुसरीत क्रमांक बसतात. ग्रंथसूचीसाठी टेक, मग बिबर, मग पुन्हा दोनदा टेक. तरीही ‘??’ राहिले तर नाव तपासा : एकीकडे ‘बुलढाणा’ आणि दुसरीकडे ‘बुलडाणा’ लिहिले असेल.

११/ खरा धोका उलट ठिकाणी आहे. ‘लेबल’ ही आज्ञा ‘कॅप्शन’च्या आधी लिहिली, तर तक्त्याऐवजी त्या उपप्रकरणाचा क्रमांक छापला जातो. ‘तक्ता ३.२ पाहा’ असे वाचून वाचक भलत्याच तक्त्यावर पोहोचतो किंवा कोठेच पोहोचत नाही. इशारा शून्य. नियम एकच : आधी शीर्षक, मग खूण.

१२/ आक्षेप रास्त आहे : वर्ड सोपे आहे, मार्गदर्शकांना तेच हवे असते, लाटेक शिकायला काही आठवडे जातात. ज्यांच्या लेखनात दोन-चारच तक्ते आहेत त्यांनी वर्डमध्येच लिहावे. परंतु शेकडो तळटीपा आणि डझनावारी तक्ते असतील, तर एक तक्ता मध्ये घातल्यावर सर्व क्रमांक आपोआप सरकणे ही सोय त्या आठवड्यांची किंमत वसूल करून देते.

१३/ माझा आग्रह एवढाच, की संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात साधनचिकित्सेबरोबर ही पाननिहाय तपासणीही शिकवावी. प्रबंध सुपूर्द करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक तक्त्याच्या खुणेखाली टीप आहे का, समीकरणातील प्रत्येक अक्षर उमटले आहे का, प्रत्येक ‘पाहा’ योग्य जागी नेतो का, नोंदवहीतील इशारे वाचले का. १९०५ची एक टीप गळाली, तर दोन तालुक्यांचे लोक कागदावर नव्याने जन्माला येतात.

धागा समाप्त. आपल्या जिल्ह्याच्या तक्त्यांत सीमाबदलांमुळे असे फसवे आकडे आढळले असतील, तर खाली अवश्य लिहा.