दशमातला मंगळ आणि अकरावीतलं पोर

दहावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत मुलाची पत्रिका कपाटातून बाहेर निघते. ज्योतिषी सांगतात, दशमात मंगळ आहे, केतूची साथ आहे, वृश्चिक रास बलवान आहे, पोरगा सर्जन होणार. मग लातूरला खोली घेतली जाते, क्लासची फी भरली जाते, आणि नीटला गुण कमी पडले तर ‘योग आहे ना’ म्हणून पोराला पुन्हा वर्षभर त्याच अभ्यासाला बसवलं जातं. अशा आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: पत्रिका पाहून मुलाला सर्जरीकडे ढकलू नका, आणि पत्रिका पाहून तिथून मागेही ओढू नका.

हा योग असतो तरी काय? ज्योतिषात मंगळ हा शस्त्र, रक्त आणि धाडस यांचा कारक, आणि दशम हे कर्मस्थान. मंगळ दशमात असेल किंवा दशमावर त्याची दृष्टी असेल तर शल्यकर्माचा योग धरतात. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी. म्हणजे तृतीयातून तो आठव्या दृष्टीने दशमाकडे पाहतो, चतुर्थातून सातव्या आणि सप्तमातून चौथ्या. दशम धरून बारापैकी चार स्थानं झाली. सरासरी दर तीन मुलांमागे एकाला हा योग निघणारच. त्यात दशमेश, केतू, षष्ठ आणि अष्टम स्थान, अश्विनी आणि शततारका नक्षत्रं, नवमांश, दशमांश हे सगळं मिळवलं, तर एकही खूण नसलेली पत्रिका शोधून काढावी लागेल. शिवाय हाच मंगळ सैनिकाचा, पोलिसाचा, इंजिनियरचा आणि जमिनीचे व्यवहार करणाऱ्याचाही कारक. पोरगा यांतलं काहीही झाला तरी पत्रिका खरीच ठरते.

नामवंत सर्जनची पत्रिका दाखवून कुणी योग पटवू लागलं, तर एवढंच लक्षात घ्या की ती पत्रिका तो माणूस सर्जन झाल्यानंतर उघडलेली असते. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, लग्न सुमारे दोन तासांनी बदलतं. त्या दोन तासांत एकट्या महाराष्ट्रात शेकडो बाळं जन्मतात. त्यांतली बाकीची पुढे काय झाली, हे कुणी पाहायला जात नाही.

पत्रिकेवरून माणसाबद्दल काही ओळखता येतं का, हे पुण्यात एकदा नीट तपासलं गेलं आहे. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण 46 टक्के निघालं, नाणं उडवून मिळालं असतं साधारण तेवढंच. बुद्धीतला इतका ढळढळीत फरक जिथे पत्रिकेत दिसला नाही, तिथे मूल सर्जन होईल की फिजिशियन हे कसं दिसणार?

मुलींविषयी मला वेगळं बोलायचंय. चतुर्थातला किंवा सप्तमातला मंगळ मुलाच्या पत्रिकेत ‘सर्जनचा योग’ म्हणून कौतुकाने सांगितला जातो. तोच मंगळ मुलीच्या पत्रिकेत असला की ती ‘मंगळाची’ ठरते, तिची स्थळं परत जातात आणि तिच्या शिक्षणापेक्षा शांतीचीच चर्चा जास्त होते. हा अन्याय आहे आणि तो आपल्याच घरात घडतो.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर सुश्रुताकडे पाहा. शस्त्रकर्मासाठी चांगली तिथी आणि नक्षत्र पाहावं असं त्याने सांगितलंय, हे मान्य करायला हवं. पण शिष्याचा हात तयार करताना तो त्याला कोहळा, दुध्या, काकडी कापायला लावतो, कमळाच्या देठावर शीर वेधायला शिकवतो, जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर टाके घालून घेतो. शास्त्र सगळं पाठ असलं तरी हाताला असा सराव नसेल तर तो शिष्य कामाला अयोग्य, असं त्याचं स्पष्ट म्हणणं आहे.

आणि घाई कशाला? एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षाची इंटर्नशिप, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि एमएसची तीन वर्षं. सर्जरी घ्यायची की नाही हे ठरवायची वेळ तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी येते. तोवर मुलाने ऑपरेशन थिएटरमध्ये तासन्‌तास उभं राहून पाहिलेलं असतं, जखमेला टाके घातलेले असतात, रात्रपाळ्या काढलेल्या असतात. त्याचं त्यालाच कळलेलं असतं. आज तुम्ही एवढंच पाहा की जीवशास्त्राचं पुस्तक मूल आपणहून उघडतं का, आजारी माणसाजवळ बसायला त्याला आवडतं का. ओळखीचे डॉक्टर असतील तर त्यांच्याशी त्याला एकट्याला बोलू द्या. पोवळ्याच्या अंगठीचे पैसे त्याच्या पुस्तकांना लावा. आणि नीटला दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर योगाचं नाव काढू नका. पुढे काय करावंसं वाटतं ते त्याला विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

पत्रिका पाहणाऱ्या मंडळींनाही हात जोडून सांगतो. अकरावी-बारावीच्या मुलाचे आई-वडील समोर बसले तर ‘हे मी पत्रिकेवरून सांगणार नाही’ असं स्वच्छ म्हणा. तुमच्या एका शब्दावर लोक जमीन गहाण टाकून खासगी कॉलेजची फी भरतात.