परीक्षा द्या, पदवी मागू नका

एकोणिसाव्या शतकातील विद्यापीठांविषयी आपल्याकडे मोठ्या भाविकतेने बोलले जाते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही नावे उच्चारताच विद्येची मंदिरे डोळ्यांपुढे उभी राहतात. या मंदिरांच्या उंबरठ्यावर कोणाला थांबवून ठेवले होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो आम्ही विचारू इच्छितो.

केंब्रिजमधील गर्टन व न्यूनम या महाविद्यालयांतील विद्यार्थिनींना १८८१ पासून पुरुषांच्याच परीक्षांना बसण्याची रीतसर मुभा होती. १८९० साली फिलिपा फॉसेट हिने गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषालाही मागे टाकले. तरी पदवी नाही! स्त्रियांना निदान पदवीची उपाधी तरी द्यावी, असा ठराव २१ मे १८९७ रोजी मताला आला. तेव्हा विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगून आपले मत जाहीर केले आणि पदवीधर मतदारांनी प्रचंड बहुमताने ठराव फेटाळला.

एवढा विरोध कशासाठी? स्त्रियांच्या बुद्धीविषयी शंका उरली नव्हती. निकालाच्या याद्या बोलत होत्या. पण एम.ए. झालेल्या पुरुषाला विद्यापीठाच्या कारभारात मत होते. आज उपाधी दिली, तर उद्या या स्त्रिया मतही मागतील, ही खरी भीती होती. ज्ञान घ्या, अधिकार मागू नका, हाच त्या मतदानाचा अर्थ.

‘काळच तसा होता’ असे समर्थन केले जाते. ते आम्हांस मान्य नाही. त्याच काळात, १८७८ साली, लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. १८८३ साली कोलकात्यात कादंबिनी गांगुली व चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. आपल्या नाशिकात जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली ख्रिस्ती कन्या कॉर्नेलिया सोराबजी १८८८ साली मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. दोष काळाचा नव्हता; सत्ता हाती असलेल्यांच्या मनाचा होता.

याच कॉर्नेलियाची पुढील कथा पाहावी. तिच्याच सांगण्यानुसार, गुणांच्या बळावर मिळायची इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती ती स्त्री असल्यामुळे तिला नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने ती १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात पोहोचली. १८९२ साली विशेष परवानगीने तिने कायद्याची उच्च परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी हाती पडली ती १९२२ साली, तीस वर्षांनी! केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडू दिले.

आपण कॅथलिकांनी या अन्यायाची जात लवकर ओळखावयास हवी. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे सिद्धान्त मान्य केल्याखेरीज या विद्यापीठांत अध्यापनाची व अधिकाराची पदे कॅथलिकांनाही मिळत नसत. १८७१ च्या कायद्याने ती अट दूर झाली. बंद दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी भोगले, त्यांनी दुसऱ्यासाठी दार लावून घ्यावे काय?

हे सारे दूरदेशीचे व जुने, असे म्हणून वाचकांनी सुटका करून घेऊ नये. आपल्या कन्या आज पदव्या घेतात. त्यांच्या निकालाचे पेढे आपण अभिमानाने वाटतो. पण वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीची वेळ येते, तेव्हा त्याच सुशिक्षित कन्येपुढे काय ठेवले जाते? हक्कसोडपत्र! १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना समान वाटा देतो. तरी ‘भावाशी वाकडे नको’ या एका वाक्यावर अनेक घरांत तिची सही घेतली जाते. शिक्षण दिले, अधिकार राखून ठेवला. केंब्रिजच्या त्या मतदारांनी याहून वेगळे काय केले होते?

सही मागण्यापूर्वी तिचे मत विचारा, आणि तिने ‘नाही’ म्हटले तर तो घराण्याचा अपमान समजू नका. एवढे तरी प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने करावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.