चार आठवड्यांची वकिलीण

माझ्या बहिणीनं नवऱ्याच्या माराची गोष्ट तीनदा सांगितली. टेबल एकच, पोरी तीन. बायकांना फुकट कायदेमदत देणारी संस्था. मी गोदीतली पाळी बुडवून सोबत. दर खेपेला नवी लॉवाली, कोरी वही. नवऱ्यानं आईवरून दिलेल्या शिव्या वहीत इंग्रजी होऊन उतरल्या : 'अब्युझिव्ह लँग्वेज'. खलास! एक पोरगी रडलीसुद्धा. साला, रडणंही आमच्याकडं ठेवलं नाही.

पोरी वाईट नाहीत. बार कौन्सिलचा २००८चा नियमच आहे : सलग चार आठवड्यांवर इंटर्नशिप नाही. आणि २००५चा कायदा म्हणतो, पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करा. म्हणजे कागदावरसुद्धा पोरगी केसच्या आधी संपते.

आमच्या वस्तीतली एक लॉ करते. बहिणीची बोली तीच तिची. चार आठवड्यांनंतरही ती नळावर भेटेल. पण दुपारी ती दुकानात उभी असते. बिनपगारी शिकणं परवडत नाही. तिला भत्ता द्या, त्या खुर्चीत बसवा. फुकट वकील हा बाईचा १९८७च्या कायद्यानं हक्क आहे. मग उपकाराचा थाट कशाला?

सोमवारी पुन्हा जायचंय. बहीण विचारते, "दादा, परत पहिल्यापासून सांगायचं?"